बोलायची खोली

नवरा घरांचे नकाशे काढतो आणि मी परदेशी मालिकांचे संवाद आपल्या भाषेत लिहिते. नटाचं तोंड जेवढा वेळ हलतं तेवढ्यातच वाक्य बसवायचं, म्हणजे ते मोठ्यानं म्हणून बघावंच लागतं. दोघांना मिळून एकच जेवणाचं टेबल. “हळू गं! डोकं उठलं माझं,” म्हणत एक दिवस त्यानं पसारा आवरला आणि भर बाजारातल्या जुन्या बँकेत बसायला जागा घेतली. बँक कधीच गेली. आता तिथं इमारत झकास दुरुस्त करून टेबलं भाड्यानं देतात.

मग रोज तेच कौतुक. तिथली जाळीच्या दाराची लिफ्ट, तिथली उंच छतं, तिथली कॉफी. माझ्या चहाला म्हणे चवच नाही! आणि सगळ्यात वरताण म्हणजे “समोरच्या टेबलावरची”. रेडिओच्या जाहिराती लिहिते. ती काय हुशार, ती काय विनोदी! मी आपली “हो का?” म्हणत आतल्या आत जळत होते.

परवा तो चार्जर विसरून गेला. बरं निमित्त मिळालं. ठेवणीतला ड्रेस घालून गेले. चार्जर द्यायला कोण असं नटून जातं? मी गेले.

आत शिरले आणि खांबाआडच थांबले. ती बाई आपली जाहिरात वाचून दाखवत होती. आणि हा हनुवटीला हात लावून ऐकत होता.

“पुन्हा म्हण ना,” तो म्हणाला. “शेवटचा शब्द जरा अडखळतोय.”

हातबित धरला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. शांतता हवी म्हणून घरातून पळालेला माणूस परकीची वाक्यं कान देऊन ऐकतोय! लग्न झालं तेव्हा माझी ऐकायचा.

चार्जर पर्समध्येच ठेवला. बस म्हटलं बोंबलत. दारातल्या मुलीला विचारलं, “एक दिवसापुरतं बसता येतं का? पण मी मोठ्यानं बोलते.”

“मग तिजोरीत बसा,” ती हसली.

बँकेची तिजोरी म्हणजे आता बोलायची खोली. दार एवढं जाड की आतलं बाहेर ऐकू जात नाही. तिथं एक नाटकातला नट पाठांतर करत होता. मी फोनवरचे संवाद पुढे करून म्हटलं, माझ्या मालिकेतल्या पोलिसाची वाक्यं म्हणता का? त्यानं अशी काही म्हटली की आम्ही दोघं हसून लोटपोट.

तेवढ्यात दार उघडलं. फोनवर बोलायला नवराच आत आला होता.

“तू? इथं? आणि हे कोण?”

“हळू रे,” मी म्हटलं. “आमचं पोलिसाच्या संवादांचं काम चाललंय.”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. खोटं कशाला बोलू, जिवाला थंडगार वाटलं. फोन त्यानं खिशात टाकला. मग हळूच म्हणाला, “पोलिसाचं मी वाचलं असतं की.”

तोच जुना आवाज. ओठांवर ‘ये, बस’ आलंच होतं. गिळलं आणि नटाकडे वळले.

“पुन्हा म्हणा ना,” मी म्हटलं. “शेवटचा शब्द जरा अडखळतोय.”