कोयरी पुढे गेली तो शुक्रवार

हरिप्रियेला त्या बायकांकडून काय मिळणार होते ते आधी सांगते. माझा जन्म थोडा थांबू शकतो. तिला नोकरी पक्की व्हायला हवी होती. युद्धातून पळून आलेल्या बायकांची मने सावरण्याचे काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत ती हंगामी समुपदेशक होती. तिच्या हातून एक तरी बाई सुधारलेली दिसली की संस्था तिला कायम करणार होती. तिच्या आईचा, वेंकटलक्ष्मीचाही यात लाभ होता. आमची गल्ली आता रिकामी झाली आहे. शेजारच्या सुना बंगळूरला गेल्या, काही त्याच्याही पलीकडे. शुक्रवारी हळदीकुंकू द्यायला बाई मिळेना, आणि घेणारीच नसेल तर देणारीचे पुण्य साचणार कसे? म्हणून संस्थेला बसायला जागा नाही असे कळताच वेंकटलक्ष्मीने घराची पुढची ओसरी फुकट देऊन टाकली. फुकट म्हणजे कशी, ते तुम्ही समजलात.

आणि मला काय हवे होते? मित्रांनो, मी कुंकवाची कोयरी आहे, पितळेची, चांगली जुनी. मला फडताळातून बाहेर यायचे होते.

कुंभकोणममध्येच एका ओताऱ्याने कावेरीच्या गाळाच्या साच्यात मला ओतले. तमिळ मुलखात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरातली कोयरी त्याने कधी पाहिली नव्हती. आंब्याच्या आकाराची डबी हवी, आत दोन वाट्या, एक हळदीची आणि एक कुंकवाची, वर झाकण, एवढेच त्याला सांगितले होते. त्याला तो आकार पोपटाचा वाटला असावा, कारण माझे टोक जरा जास्तच वाकले आहे, आणि त्याने न सांगता एक डोळाही कोरून ठेवला. त्या डोळ्याने मी पाहते असे समजा.

माझे चांगले दिवस होते. आडी महिन्यातल्या, म्हणजे तमिळ आषाढातल्या, शुक्रवारी मी एका दुपारी रिकामी होई आणि पुन्हा भरली जाई. मराठी माणसांना इथे रायर म्हणतात; 'रायरांच्या घरची पोपटीण आली' म्हणून बायका हसत आणि बोट बुडवत. मग टिकल्यांची पाकिटे आली. मी फडताळात गेले, काळी पडले, आणि कुणीतरी माझ्यात सेफ्टी पिना ठेवल्या. कुंकवाच्या वाटीत सेफ्टी पिना. यावर मी काही बोलत नाही.

त्या बायका येऊ लागल्या तेव्हा वेंकटलक्ष्मीने मला चिंचेने घासून पुन्हा ताटात ठेवले.

गावाबाहेरच्या निर्वासितांच्या वसाहतीतून त्या बसने येत. बोलत तमिळच, पण समुद्रापलीकडची, हेल काढून. हरिप्रिया त्यांना गोल बसवी, बोलते करी. निघताना वेंकटलक्ष्मी ताट फिरवी: मी, जाईचा गजरा, विड्याची पाने, केळी.

त्यांतली सरोजा सगळ्यांत बोलकी. पहिल्याच दिवशी ताट तिच्यापुढे आले तेव्हा तिने हात जोडले. "मला वगळा अम्मा. माझा माणूस माझ्या डोळ्यांदेखत होडीतून पडला. मला वाट पाहायचं काही बाकी नाही. पण गजरा द्या, तो मला आवडतो."

वेंकटलक्ष्मी गडबडली. विधवेला गजरा द्यायची तिला सवय नव्हती. "केळी घे की गे," ती म्हणाली.

"केळी डोक्यात माळू?" सरोजा म्हणाली, आणि ओसरी हसली. शेवटी गजराही गेला आणि केळीही गेली.

हसली नाही ती योगराणी. ती भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसे. रस्त्यावर बसचा भोंगा वाजला की उठून उंबऱ्यापर्यंत जाई, बसच्या खिडक्या एकेक करून पाही आणि परत येऊन बसे. कॉफी दिली तर निम्मी पिऊन निम्मी ठेवी, दुसऱ्या कुणासाठी ठेवावी तशी. हरिप्रियेच्या कुठल्याही प्रश्नाला तिचे उत्तर एकच: "बरं आहे, टीचरम्मा."

पण ताट आले की तिचा हात आपणहून पुढे येई. आमच्याकडे पाहुणी आपल्या हाताने कुंकू घेते. योगराणी अनामिका माझ्यात चांगली बुडवी, कपाळावर ठसठशीत टिळा लावी, उरलेले गळ्यातल्या ताळीला, म्हणजे मंगळसूत्राला, लावी आणि मग तिचे खांदे जरा खाली येत. आठवड्यातून तेवढा एक क्षण ती बसची वाट पाहत नसे.

असेच एकदा कुंकू लावून झाल्यावर ती बोलली. निघायची वेळ झाली होती, बायका चपला शोधत होत्या.

"युद्धाच्या शेवटच्या दिवशी आम्ही लष्कराला शरण गेलो," ती म्हणाली. "नवऱ्याच्या पायाला लागलं होतं. सैनिकांनी सांगितलं, पुरुषांची नावं द्या, विचारपूस करून सोडू. तो म्हणाला, दे नाव, लपवून काय होणार. मी नाव सांगितलं. मीच सांगितलं. त्याला बसमध्ये चढवलं. बस वळली तेव्हा खिडकीतून त्याचा हात बाहेर होता."

एवढेच. मग तिने आपल्या चपला शोधल्या आणि ती गेली.

हरिप्रिया स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसली. पुस्तकात अशा गोष्टी छापलेल्या असतात. समोर चपला शोधत कुणी सांगितल्या की त्या छापील राहत नाहीत.

"आई," ती घरच्या मराठीत म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी योगराणीपुढे कुंकू धरू नकोस."

"कसाला गे? दारी आलेल्या बाईला रित्या कपाळानं धाडूं?"

"तो माणूस उरला नाही. सोळा वर्षं झाली. ती अजून बसच्या खिडक्या पाहते. आणि आपण दर शुक्रवारी तिला सांगतो, बघ हं, वाट बघ."

"ती म्हटली तसं? गेला म्हणून?"

"ती कधीच म्हणणार नाही. तेच तर तिचं दुखणं आहे. कुणीतरी हळूच सुरुवात करायला हवी."

वेंकटलक्ष्मीची विळी थांबली. "म्हणजे विधवा म्हण की. आणि मी इतके शुक्रवार तिला कुंकू देतेय. आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

मित्रांनो, या मायलेकींचे आजवर कशावरही एकमत झाले नव्हते, सांबारात गूळ घालावा की नाही यावरसुद्धा. आईचे सोवळे आणि लेकीची पुस्तके त्या दिवशी प्रथमच एका पाटावर बसली. असे झाले की तिसऱ्याने सावध व्हावे. पण मला डोळा आहे, तोंड नाही.

पुढचा शुक्रवार उजाडला. बोलणी झाली, कॉफी झाली, ताट निघाले. दोन बायकांनी कुंकू घेतले. सरोजाने आपला गजरा उचलला. मग योगराणी. तिचा हात आधीच पुढे होता, अनामिका वेगळी काढलेली. वेंकटलक्ष्मीने ताट जरासे वर उचलले, तिच्या हातावरून नेले आणि पलीकडच्या बाईपुढे धरले. मग मोठ्या मायेने वळून योगराणीच्या ओटीत एक केळे जास्त घातले.

ते बोट हवेत तसेच राहिले.

"कुठे सापडला?" योगराणीने विचारले.

कुणाला काही कळले नाही.

"अम्मा, बातमी आली ना? कुठे सापडला तो? कुणी ओळखला?"

वेंकटलक्ष्मीने लेकीकडे पाहिले. हरिप्रिया उठून जवळ आली. "अक्का, बातमी काही आलेली नाही."

"मग ताट पुढे का गेलं?"

हरिप्रियेकडे उत्तर होते. आठवडाभर तिने ते घोकले होते, चांगले गोल आणि गुळगुळीत करून ठेवले होते. पण "तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून," एवढेच बाहेर पडले.

योगराणीने हात खाली घेतला. ती रडली नाही, ओरडली नाही. रडली असती तर बरे, असे हरिप्रियेच्या चेहऱ्यावर लिहिलेले मी वाचले.

"तिकडे मी प्रत्येक कचेरीत विचारलं," योगराणी म्हणाली. "इकडे आल्यावर पत्रं घातली. इतक्या वर्षांत तो मेला असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. त्याला ज्यांनी नेलं त्यांचीसुद्धा नाही. तुम्ही केळं देऊन सांगितलंत."

तिने पदराचे टोक कपाळावर फिरवले. सकाळचे घरचे कुंकू होते, ते एका फिरवण्यात निघाले नाही. ती पुसतच राहिली, शेवटी कपाळ कातडीनेच लाल झाले. मग ओटीतले केळे तिने उचलून नीट ताटात परत ठेवले, माझ्या शेजारी.

वेंकटलक्ष्मीने ताट खाली ठेवले. सरोजाने योगराणीचा दंड धरून तिला उठवले. जाताना सरोजा हरिप्रियेपाशी थांबली. त्या दिवशी तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"माझा नवरा समुद्रानं नेला, टीचरम्मा. राग धरायला मला समुद्र आहे. हिला आजपासून तुम्ही आहात."

योगराणी यायची थांबली. तेव्हा वेंकटलक्ष्मी मला पदराखाली धरून वसाहतीत गेली. कुंकू घेऊन दुसरीच्या दारी ती जन्मात पहिल्यांदा गेली. हरिप्रिया मागून चालत होती. खोलीत योगराणी भिंतीकडे तोंड करून बसली होती, पाठ दाराकडे. बाहेर बसने भोंगा दिला. ती हलली नाही.

"चुकलं माझं," वेंकटलक्ष्मी म्हणाली आणि माझे झाकण उघडून मला तिच्यापुढे धरले. "घे, बाई."

योगराणीने माझ्याकडे पाहिले. "आधी मी घेत होते ते तो आहे म्हणून," ती म्हणाली. "आज घेतलं तर अम्मांनी दिलं म्हणून. झाकण लावा. सांडेल."

खरा धक्का मला त्यानंतर बसला. संस्थेच्या मोठ्या बाई पाहणीला आल्या. योगराणी आता बस पाहून उठत नाही, कुठल्या कचेरीला पत्र घालत नाही, गप्प बसून असते, असे त्यांनी ऐकले. आमच्याच ओसरीवर बसून त्या म्हणाल्या, "वास्तव स्वीकारलं त्यांनी. छान काम केलंस, हरिप्रिया."

"नाही मॅडम," हरिप्रिया म्हणाली. "ती वाट पाहत होती तोवर जगत होती. आम्ही तिची वाट बंद केली. हे स्वीकारणं नाही."

"पहिली केस मनाला लागतेच," बाई म्हणाल्या आणि कॉफी संपवली. "होते सवय." हरिप्रियेने त्यांचा पेला उचलला आणि मागच्या नळावर नेऊन घासला.

आता ताट कुणी फिरवत नाही. मी ओसरीच्या मधोमध जमिनीवर असते, झाकण उघडे. जिला हवे ती घेते, नको ती घेत नाही, आणि कुणी तिला कारण विचारत नाही. सरोजा योगराणीला धरून आणते. ती येते, बसते, जाते.

मित्रांनो, दुखावलेल्या माणसाची काळजी घेताना त्याच्या वतीने काही ठरवू नका. वस्तू समोर ठेवा आणि आपला हात मागे घ्या. तुमची माया कितीही खरी असली तरी त्याच्या हातावरून ताट पुढे नेऊ नका. मी पितळेची, मला चेपले तर ओतारी ठोकून सरळ करतो. माणसाचा ओतारी मला अजून कुठे दिसला नाही.

तर जमाखर्च असा. हरिप्रियेला कायमची नोकरी मिळाली. वेंकटलक्ष्मीच्या ओसरीवर शुक्रवारी बायका येतात. मी चकचकीत आहे. पै न पै चुकती केली ती योगराणीने, आणि तिच्या गाठीला होते तरी काय? तो नाही असे अजून कुणी म्हटलेले नव्हते, एवढेच.