हिरव्या पायांची बाई आणि मी

मित्रांनो, मी एक जुना, चौदा इंची, ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आहे. माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे ओळीने बसलेल्या बायका माझ्या पोटात तारा जोडत. ज्या बाईने माझी शेवटची तपासणी केली, ती त्या वेळी शेजारणीला नणंदेच्या लग्नातलं जेवण सांगत होती. तरीही मी पुढे पुष्कळ वर्षं चाललो, म्हणजे जेवण चांगलं झालं असावं.

तिथून मी वसमतच्या एका दुकानात आलो. कुरुंद्याच्या उकंडरावांच्या हळदीला त्या साली बरा भाव आला होता. त्यांनी दुकानातले सगळे टीव्ही बघितले आणि मला उचललं. माझ्या रूपावर ते भाळले नव्हते. वीज गेली तर मी ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही चालत असे, एवढाच माझा गुण. कुरुंदा तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. पुढे ते हिंगोली जिल्ह्यात गेलं. मी कपाटावरून हललो नाही.

आमच्या जातीचं एक दुःख तुम्हाला सांगून ठेवतो. टीव्हीला स्वतःचं चित्र कधी दिसत नाही. चित्र पुढे जातं आणि आम्हाला दिसतात ती बघणाऱ्यांची तोंडं. आवाज तेवढा कानावर पडतो. म्हणून ज्या मालिकेने माझं आयुष्य घडवलं, ती मी पाहिलेली नाही. ती बघणारे मात्र मी डोळे भरून पाहिले, आणि अभिनय म्हणाल तर तोच जास्त चांगला होता.

मला घरी आणल्यावर उकंडरावांनी आखाडा बाळापूरच्या बाजारातून एक प्लॅस्टिकचा कागद आणला आणि माझ्या काचेवर लावला. वर निळा, मधे गुलाबी, खाली हिरवा. एवढ्याशा खर्चात टीव्ही रंगीत झाला, असं ते सगळ्यांना सांगत. तशी परीक्षाही झाली. क्रिकेट लावलं, तर मैदान हिरवं आणि आभाळ निळं. बातम्या लावल्या, तर बातम्या देणारी बाई छातीपर्यंतच दिसायची आणि तिचा चेहरा गुलाबी. गावाचा त्या कागदावर पूर्ण विश्वास बसला.

मग १९९४ साली ‘पाण्याखालचं स्टेशन’ सुरू झालं.

ही मालिका दर रविवारी सकाळी असे. धरणात एक गाव बुडालं आहे, पण गावाचं रेल्वे स्टेशन पाण्याखाली चालूच आहे. तिथला स्टेशन मास्तर रोज शिट्टी वाजवतो. गाडी येते, पण तिच्यातून कोणी उतरत नाही. आणि एक बाई दर भागात खिडकीपाशी येऊन कालचं तिकीट मागते. असं का, हे कोणी सांगत नसे. शहरातल्या लोकांना ती मालिका फार अवघड गेली म्हणतात. आमच्याकडे धरणात गेलेली गावं नवी नव्हती, त्यामुळे पाण्याखाली स्टेशन चालू आहे, यावर कोणाचा आक्षेप नव्हता. वाद फक्त बाईवर होता.

वाद घालणारे मुख्य दोघं. एक उकंडराव, आणि दुसरा लिंबाजी. लिंबाजीची मेंढरं होती. दर उन्हाळ्यात हळदीची लागवड होण्याआधी तो आपल्या मेंढ्या उकंडरावांच्या रानात बसवायचा. म्हणजे मुक्काम मेंढ्यांचा आणि खत उकंडरावांचं. बदल्यात ज्वारी मिळे. रविवारी तो मेंढ्या उशिरा सोडत असे. त्या बाहेर अंगणात उभ्या राहून ओरडत आणि लिंबाजी आत पोत्यावर पहिल्या ओळीत बसून मालिका बघे. त्याच्या बायकोला, सिंधूबाईला, अभिनयात जास्त रस होता.

“ह्या मास्तरला शिट्टी वाजवता येत न्हाई,” ती पहिल्याच महिन्यात म्हणाली. “गाल फुगून नाही राहिले त्याचे. मागून दुसरंच कोणी वाजवतंय.”

“अहो, पण रडतो किती चांगला,” उकंडरावांच्या पत्नी शालूबाई म्हणाल्या.

“रडतो कुठं? नुसता बघतो.”

“तेच तर. न रडता रडतो.”

सिंधूबाई यावर पुढच्या रविवारपर्यंत विचार करत राहिली.

बाईविषयी लिंबाजीचं मत ठाम होतं. “ती मेलेली हाय. पाय बघा तिचे. दर बारीला हिरवे. शेवाळातून चालत येती.”

उकंडराव मान हलवत. “पाय सोड. तोंड बघ. उभी असली की निळी. बाकावर बसली की गुलाबी. म्हणजे बसली की जित्ती, उठली की मेली. तिला कोणीतरी बसवून ठेवायला पायजे, बस.”

माझ्या कागदावर निळा रंग कुठवर आणि गुलाबी कुठून, हे मला माहीत होतं. पण टीव्हीला मधे बोलण्याची सोय नसते. शिवाय दोघांचे चेहरे इतके उजळलेले असत, की सोय असती तरी मी बोललो नसतो. घरात पाय ठेवायला जागा नसायची. खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या बाईची काळजी करत लोक घरी जात. आठवडाभर पाणंदीत, गिरणीवर तोच विषय. ते माझे वैभवाचे दिवस होते.

आणि एका रविवारी मालिका बंद झाली. कारण सांगितलं नाही. बाईने तिकीट मागितलं, मास्तरने प्रथमच खिडकी उघडली, आणि पुढच्या आठवड्यात त्या जागी खतांविषयी माहिती होती.

उत्तर मिळालं असतं तर वाद मिटला असता. उत्तर मिळेना, म्हणून तो पिकत गेला. महिनाभराने भर बैठकीत लिंबाजी पुन्हा शेवाळावर आला, तेव्हा उकंडरावांचा तोल सुटला.

“लिंबाजी, मेंढरं वळणं येगळं अन् नाटक समजणं येगळं.”

कोणीतरी हसलं. लिंबाजीचं तोंड मला अगदी समोरून दिसत होतं. त्याने घोंगडी खांद्यावर टाकली, काठी घेतली आणि तो उठला. अंगणातल्या मेंढ्या त्याच्या मागे गेल्या. त्या उन्हाळ्यात त्या दुसऱ्याच्या रानात बसल्या. त्यानंतरच्याही. उकंडरावांनी खताच्या गोण्या आणल्या आणि ‘मेंढ्यांची मला गरजच काय,’ असं कोणी न विचारताच सगळ्यांना सांगितलं.

वर्षं गेली. त्यांचा मुलगा शिवहार याने मोठा रंगीत टीव्ही आणला आणि मला हळदीच्या कोठीत ठेवलं. तिथे पोत्यांवर बसून मी आतून पिवळा झालो. माझ्यावर एक फुटका पाटा ठेवला होता. उपेक्षा म्हणतात ती हीच. पण भिंत पातळ होती, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येई.

२००५ च्या उन्हाळ्यात एके रविवारी भिंतीपलीकडून ओळखीची शिट्टी आली. ‘पाण्याखालचं स्टेशन’ पुन्हा सुरू झालं होतं. आधी जुने भाग दाखवणार, मग नवे, आणि या वेळी शेवट होणार, असं जाहीर झालं.

उकंडराव सावरून बसले असावेत. मग त्यांचा आवाज आला.

“शालू, पाय पांढरे हायेत तिचे.”

“व्हय.”

“अन् तोंड उठल्यावर बी तसंच हाय.”

“इतकी वर्षं तो कागद मीच पुसत व्हते,” शालूबाई म्हणाल्या. “मला काय नवं सांगता?”

“मंग तवा सांगितलं काहून न्हाई?”

“तुमी दोघं बोलायला किती खूश व्हते. मधात कशाला पडू?”

त्यानंतर दर रविवारी मी भिंतीला कान लावून असे. मालिका चालायची, पण पलीकडे वाद नव्हता. उकंडराव म्हणायचे, “हा मास्तर बदलला बघ. जुना बारीक होता, ह्याचं पोट सुटलंय.” शिवहार म्हणायचा, “हं.” ते म्हणायचे, “मला वाटतं गाडी उलटी चाललीय.” शिवहार म्हणायचा, “असंल.” असं उत्तर मिळालं की माणसाचं काय होतं, हे भिंतीतूनही कळतं. शेवटी शेवटी उकंडराव गप्प बसून बघत. मित्रांनो, त्या माणसाला गप्प बसलेलं मी पूर्वी फक्त वीज गेल्यावर ऐकलं होतं.

लिंबाजीही बघतो, ही बातमी शालूबाईंनी आणली. बसस्टँडजवळच्या हॉटेलात, दाराबाहेर उभा राहून. आत येऊन बसत नाही. कोणाशी बोलत नाही.

“त्याला बी पाय दिसले असतील मंग,” उकंडराव म्हणाले.

शेवटच्या भागाच्या सकाळी ते कोठीत आले. पाटा काढला, मला सदऱ्याच्या बाहीने पुसलं.

शिवहार दारात उभा होता. “बाबा, रंगीत सोडून ह्याच्यावर काहून?”

“लाइट जाणार हाय. भारनियमन.”

हे खरं होतं. त्या आठवड्यापासून भारनियमनाची वेळ बदलली होती आणि आमच्या भागातली वीज सकाळी जाई ती दुपारी येई. पण घरातच बॅटरी लावून माझ्यावर तो भाग बघता आला असता. त्यांनी मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवलं, शेजारी अँटेना आणि एक बांबू ठेवला, आणि ट्रॅक्टर गावाबाहेर घातला. लिंबाजीच्या मेंढ्या त्या आठवड्यात ओढ्यापलीकडच्या रानात बसल्या होत्या.

ट्रॅक्टर बघून सिंधूबाई चुलीपासून उठली. “दहा वर्षांनी आले, अन् टीव्ही घेऊन आले?”

“रिकाम्या हातानं कसं यावं,” उकंडराव म्हणाले.

लिंबाजी लिंबाखाली बसला होता. तो उठला नाही. उकंडरावांनी स्वतःच बांबू झाडाला बांधला, स्वतःच तारा जोडल्या. माफी मागायला आले होते, हे त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट वाचता येत होतं. पण ती मागायची कशी, हे त्या तोंडावर कुठेच नव्हतं. शेवटी त्यांनी माझ्या काचेवरच्या कागदाचं एक टोक धरलं.

“लिंबाजी, हा काढून टाकू का?”

लिंबाजीने कागदाकडे पाहिलं. मग उकंडरावांकडे. मी कोणत्याही मालिकेत एवढा लांब विराम ऐकलेला नाही.

“राहू द्या,” तो म्हणाला. “त्याच्याबिगर काय मजा हाय.”

आणि तो घोंगडी घेऊन माझ्यासमोर येऊन बसला.

ट्रॅक्टरवर टीव्ही गेला, हे गावाला कळायला वेळ लागला नाही. गावात वीज नव्हती. शेवट सगळ्यांनाच बघायचा होता. शिवहार मोटारसायकलवर शालूबाईंना घेऊन आला, मागून निम्मा कुरुंदा. मेंढ्यांना सरकून जागा द्यावी लागली.

भाग सुरू झाला. सगळे गप्प. नवा मास्तर बोलू लागला.

“हा नवा माणूस काही खरा न्हाई,” उकंडराव हळूच म्हणाले. “जुना पापणी हलवत नव्हता.”

“नवा कुठं?” लिंबाजी म्हणाला. “तोच हाय त्यो. दहा वर्षं पाण्यात राहिल्यावर माणूस फुगत न्हाई का?”

उकंडरावांचा चेहरा असा खुलला, की माझ्या चित्रापेक्षा तोच जास्त उजेड देऊ लागला. ते पूर्ण लिंबाजीकडे वळले.

“फुगतो ना. मंग ती बाई काहून फुगली न्हाई?”

“ती बाकावर बसती. तुमीच म्हनले व्हते, बसली की जित्ती.”

“म्हंजे माझं बराबर व्हतं?”

“तुमचं निम्मं. पाय माझे.”

“गाल फुगवून राहिला बघा,” सिंधूबाई मधेच म्हणाली. “दहा वर्षांत शिट्टी शिकला मेला.”

“शिकला म्हंजे तोच हाय,” लिंबाजी म्हणाला.

“शिकला म्हंजे दुसराच हाय,” शालूबाई म्हणाल्या. “त्याला येत नव्हती, हीच तर त्याची ओळख.”

यावर जो गदारोळ झाला, तो मी आजही विसरलेलो नाही. मागच्या ओळीतली माणसं पुढे आली. दोन पक्ष पडले, मग एकाचे दोन झाले. आणि मला आयुष्यात प्रथमच एक वेगळं दृश्य दिसलं. सगळ्यांच्या पाठी. एकूण एक माणूस माझ्याकडे पाठ करून त्या चौघांकडे बघत होता.

माझ्यातून शेवट गेला. त्यात बोलणं नव्हतं. पाणी ठिबकलं, एक दार उघडल्यासारखं वाजलं, आणि थोड्या वेळाने एका बाईने खताची माहिती द्यायला सुरुवात केली.

“संपलं का?” शिवहारने विचारलं.

सगळे माझ्याकडे वळले. आवाजावरून माझ्यावर सोयाबीनचं रोप असावं. वरून निळं, खालून हिरवं दिसत असणार, अगदी रीतसर.

“काय झालं शेवटाला? कोणी बघितलं?”

कोणी बघितलं नव्हतं. शिवहारने खिशातून मोबाइल काढला. “थांबा, औरंगाबादच्या मित्राला विचारतो. त्यानं बघितलं असंल.”

“गप बस,” उकंडराव आणि लिंबाजी एकदमच म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. शिवहारने मोबाइल ठेवून दिला.

त्या आठवड्यात मेंढ्या ओढा ओलांडून उकंडरावांच्या रानात आल्या. मलाही तिथल्याच आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीत ठेवलं. आता माझ्यात चित्र येत नाही. पण दोघं संध्याकाळी माझ्यासमोर बसतात, कारण समोर काहीतरी असलं की बोलायला बरं वाटतं. लिंबाजीच्या मते बाई गाडीत बसून गेली. उकंडरावांच्या मते मास्तरने तिला खुर्ची दिली. दोघांच्या तोंडावर पहिल्या वर्षीचाच उजेड असतो.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी जुना पडून असेल, तर त्याच्यावर फुटका पाटा ठेवू नका. अधूनमधून पुसा. त्याच्यासमोर भांडायला येणारा एखादा माणूस असेल, तर त्यालाही चहा विचारत जा. आणि तुमच्यापैकी कोणी तो शेवटचा भाग पाहिला असेल, तर एवढी कृपा करा. कधी कुरुंद्याला आलात, तर त्या दोघांना काही सांगू नका.