चौदावी जर्सी आणि यादीतली माझी जागा

मी एक जुनी लायब्ररी आहे, मित्रांनो. आता कपाटं आणि पुस्तकं शोधू नका! मी कॉम्प्युटरमधली एक फाईल. वळणदार रेषा कशी काढायची एवढं मला येतं आणि ज्या प्रोग्रामला गरज पडेल तो मला हाक मारतो. एका प्रोग्रामिंग भाषेच्या इन्स्टॉलरने मला इथल्या सामायिक फोल्डरमध्ये आणून ठेवलं, त्या फोल्डरचा पत्ता सिस्टीमच्या यादीत लिहिला आणि स्वारी निघून गेली. त्या यादीला पाथ म्हणतात.

कॉम्प्युटर भरतकाम करणाऱ्या वहिनींचा. त्यांचं मशीन कपड्यांवर नावं भरतं. अक्षरांची वळणं माझी! नऊ वर्षांत एक टाका चुकला नाही. शाबासकी मात्र सगळी मशीनला. असो, मी काही रुसून बसणारी नाही.

एका सकाळी त्यांच्या नणंदेने शिकायला नवी प्रोग्रामिंग भाषा आणली. इन्स्टॉलरने विचारलं, माझा पत्ता यादीत सगळ्यात वर लिहू का? बाईसाहेबांनी न वाचताच टिचकी मारली. त्या पत्त्यावर माझ्याच नावाची नवी लायब्ररी होती. प्रोग्राम यादी वरून खाली वाचतो आणि त्या नावाची जी पहिली भेटेल तिलाच कामाला लावतो. झालं! भरतकामाच्या प्रोग्रामने हाक मारली, धाकटी धावली, पण माझी जुनी वळणं तिला कुणी शिकवलीच नव्हती. प्रोग्राम बंद पडला.

मुलींच्या संघाच्या तेरा जर्सी तयार होत्या. चौदावी राखीव खेळाडूची राहिली होती, आणि सामना चार वाजता.

"वन्सं, काय करून ठेवलंत?"

"वहिनी, मी फक्त 'हो' म्हटलं हो!"

"कशाला?"

"तेच तर वाचलं नाही."

"ती पोरगी वर्षभर बाकावर बसली आहे. बिननावाची जर्सी मी तिच्या हातात देणार नाही."

नणंद वरमली. मग तिने पडद्यावरचा संदेश शब्दन् शब्द वाचला, पाथ उघडला आणि एकाच नावाच्या आम्ही दोघी तिला सापडलो. माझा जीव भांड्यात पडला! धाकटीला तिने हलवलं नाही. माझी एक प्रत भरतकामाच्या प्रोग्रामशेजारी ठेवली, कारण तो आधी स्वतःच्याच फोल्डरमध्ये बघतो. मशीन खडखडायला लागलं. काय सांगू, एवढी मजा नऊ वर्षांत आली नव्हती!

मित्रांनो, नवं जरूर आणा. फक्त त्याला यादीत कुठे बसवताय, ती ओळ वाचा. जुन्याच्या भरवशावर कुणाचं तरी काम चाललेलं असतं.

संध्याकाळी नणंद सामना बघून हसतच घरी आली. राखीव मुलगी जर्सी उलटी घालून बाकावर बसली होती, नाव पुढे. सगळ्यांनी सांगितलं तरी सरळ करेना.

"मागे असलं तर मला कसं दिसणार?" म्हणाली.