पतंगाखालची हवा

या, जरा पुढे सरका. सतरंजीचा तो कोपरा रिकामा ठेवू नका. कीर्तनात दाराशी बसणाऱ्याला अर्धंच कळतं. आज सांगते ती गोष्ट पुराणातली नाही, आपल्या गोमतीकाठची आहे, सत्त्याण्णव सालची. पण बुवा पूर्वरंगात एखादा प्रश्न टाकून आपल्याला झुलवत ठेवतात ना, तसा हिच्यातही एक प्रश्न आहे. गळती झाली, तर गॅस जातो कुठे?

नदीकाठच्या उंचवट्यावर स्वयंपाकाच्या गॅसचं मोठं टर्मिनल यायचं होतं. कंपनीने सभा घेतल्या, सगळ्यांना चहा-समोसे दिले आणि सुरक्षेवर नजर ठेवायला रहिवाशांची समिती नेमली. तिचे प्रमुख हरिहरराव साठे, रेल्वेतले इंजिनीअर, लखनौच्या महानगर मोहल्ल्यात आमच्या शेजारी राहणारे. समितीने हो म्हटलं की काम सुरू होणार होतं.

अरुणाचा मात्र जीव टांगणीला लागला होता. तिचे यजमान हवाईदलात. उंचवट्याच्या बाजूला खोलगटात जी वस्ती आहे ना, तिथे ती बालवाडी चालवायची.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी लखनौ गच्चीवर असतं. जमघट म्हणतात त्याला, पतंगांचा दिवस. हरिहररावांनी त्याच दुपारी शराफत मियाँना उंचवट्यावर नेलं. पतंगबाजीत केस पांढरे झालेला माणूस. पतंग चढला, मांजा ताणला आणि सरळ नदीवर गेला.

"देखिए हुज़ूर, हवा दरिया-पार जा रही है. बस्ती की तरफ़ कुछ नहीं."

हरिहरराव खूश! संध्याकाळच्या सभेत त्यांनी सांगूनच टाकलं, वारा नदीकडे आहे, जागा सुरक्षित आहे. टाळ्या पडल्या.

अरुणा उठली. "काका, पतंग वर उडतो. माझी पोरं खाली बसतात. आणि हा गॅस हवेपेक्षा जड असतो, असं कंपनीचेच साहेब म्हणाले होते. मग खाली काय होतं?"

"अगं, वारा काय मजले करून राहतो होय?" हरिहरराव म्हणाले आणि सभा खो-खो हसली.

एकटे शराफत मियाँ हसले नाहीत. "बिटिया ने बात पते की पूछी है," ते म्हणाले. "नीचे की हवा तो मैंने कभी देखी ही नहीं."

दुसऱ्या दिवशी काकडआरती करून उठते तोच अरुणा दारात. "काकू, तुमचं धुपाटणं द्याल?"

"कशाला गं?"

"बघायचंय."

मलाही राहवेना. शाल गुंडाळून मीच धुपाटणं घेऊन निघाले. मफलरमधून कुरकुरत हरिहरराव आले, पतंग घेऊन मियाँही आले. उंचवट्यावर मी निखाऱ्यांवर ऊद टाकला. धूर हातभर चढला, थबकला आणि आडवा झाला. मग पहाटेच्या गार, जड हवेबरोबर कोरड्या नाल्यात उतरून, मांजरीसारखा दबकत, खाली खाली निघाला. आम्हीही त्याच्या मागे निघालो. वर पाहावं तर पतंग नदीकडे ताणलेला! इकडे खाली उदाचा वास थेट बालवाडीच्या दाराशी.

"या ख़ुदा! ऊपर कुछ, नीचे कुछ!" शराफत मियाँ डोर विसरून बघत राहिले.

हरिहरराव बराच वेळ दारातल्या छोट्या चटयांकडे पाहत होते. जाताना एवढंच म्हणाले, "अरुणा, मी हसायला नको होतं."

पुढच्या सभेत ते उभे राहिले. आधीचे शब्द भरल्या सभेत मागे घेणं सोपं नसतं हो! "मी वरचंच पाहिलं. खालचं या मुलीने विचारलं. या जागेला समितीचा होकार नाही."

कंपनीचे साहेबलोक पुष्कळ चिडले. पण टर्मिनल शेवटी वस्तीपासून दूर, मोकळ्या माळावर गेलं.

हे ऐकायला अरुणा नव्हती. त्या सभेआधीच यजमानांची बदली झाली आणि ती आसामात गेली. पुढे पत्ता लागला नाही. बालवाडी आजही भरते. तिथल्या पोरांना तिचं नावसुद्धा माहीत नाही.

म्हणून एक मागणं आहे. घरी धूप लावाल तेव्हा धूर कुठे जातो ते क्षणभर बघा, आणि त्या वेळी माझ्या अरुणाची आठवण काढा.