कांद्याचे उगम

सहीसाठी समोर आलेल्या प्रबंधातले एक वाक्य मार्गदर्शक बाईंनी तीनदा वाचले: ‘कांद्याच्या उगमांची शिखरे रंगात बारा तास बुडविली.’

“ताई, कांद्याला शिखरं कधीपासून आली?”

समोर बसलेली विद्यार्थिनी बाईंहून सहा वर्षांनी मोठी. याच प्रयोगशाळेत काचपट्ट्या धुता धुता ती पदवीधर झाली, मग संशोधनाला लागली. म्हणून साऱ्या विभागाची ताई. प्रबंध देण्याची मुदत उद्या संपत होती.

“वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं चौतीस टक्के साम्य दाखवलं हो, बाई. दहाच्या वर गेलं की प्रबंध परत. मग शब्दकोश घेऊन बसले. ‘मूळ’ दिसलं की ‘उगम’, ‘टोक’ दिसलं की ‘शिखर’. आता सातच आहे!”

“सात टक्के साम्य आणि शंभर टक्के अनर्थ.”

ताई हसली, बोटे मात्र पिशवीच्या बंदाशी चाळा करीत राहिली. सॉफ्टवेअरने पकडलेली वाक्ये बाईंच्याच जुन्या प्रबंधातली होती. चोरी म्हणावी, तर माल मालकाच्याच हाती आणून दिलेला. बाईंना राग येईना. मुळे रंगविण्याची कृती सांगायला शब्द तरी किती निरनिराळे असणार? तरी सही करवेना. पुरावा पाहिल्याशिवाय मत न बनविण्याची त्यांना खोड होती. त्यांनी प्रयोगवही मागितली.

वहीत पानोपानी ‘साडेनऊ तास’.

“मग बारा कुठून आणलेत?”

“तुमच्या प्रबंधातून. बारा तासांत टोकं काळीठिक्कर पडतात, हे पहिल्याच वर्षी कळलं. पण तुम्हाला खोटं कसं पाडायचं?”

तो आकडा बाईंनीही आपल्या सरांच्या टिपणांतून जसाच्या तसा उचलला होता. टोके काळी पडत, तेव्हा बाई रंगाला दोष देत.

“ही तीन पानं बाद. वहीत आहे तेच लिहा. तास, चुका, काळी टोकं, सगळं.”

दुपारभर ताई लिहीत राहिली. पाच वाजता सॉफ्टवेअरने नऊ टक्के दाखविले. बाईंनी पेन उघडले आणि त्या थबकल्या.

“माझ्या बारा तासांचा उल्लेख राहिलाय. नावानिशी द्या, आणि ते चूक आहे असंही लिहा.”

“असं कसं लिहू, बाई? तुमच्या शब्दांत सांगा ना.”

“माझे शब्द पुरे झाले.”

ताईने बाईंचे नाव व प्रबंधाचा संदर्भ घातला आणि पुढे बराच वेळ विचार करून लिहिले: ‘बारा तासांत मुळे जळतात. हे आम्ही पाहिले आहे.’

बाईंनी ‘आम्ही’ खोडून ‘मी’ केले आणि सही ठोकली.