ताईची चाळीस ओळींची स्क्रिप्ट

रेडिओ केंद्रात सकाळच्या कार्यक्रमांच्या फाइली गोळा करून प्रक्षेपणाच्या मशीनवर चढवायचं काम आठ वर्षं ताईची शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला ओळीने द्यायच्या कमांडची यादी, करत होती. अवघ्या चाळीस ओळी, पण ताईला त्यांचं कोण कौतुक! "एवढ्याशा कामाला पायथनसारखी मोठी प्रोग्रॅमिंगची भाषा कशाला?" ती म्हणायची. "चार कमांड एकाखाली एक लिहिल्या की झालं."

नवा सहकारी यावर नाक मुरडायचा. प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय, म्हणून सगळे त्याला जावईबापू म्हणत.

आता ताईला महिन्याची सुट्टी हवी होती. धाकटी बहीण बाळंत झाली होती आणि तिच्याकडे दुसरं कोणी नव्हतं. केंद्रप्रमुख बाईंनी अट घातली: एक दिवस ताईने कशालाही हात लावायचा नाही, काम सुरळीत झालं, तरच सुट्टी.

नेमकी त्याच दिवशी माशी शिंकली. बदली निवेदिकेने फाइलचं नाव दोन सुटे शब्द लिहून ठेवलं, 'सकाळ नवी'. स्क्रिप्टला त्या दोन वेगळ्या फाइली वाटल्या; तिने 'सकाळ' शोधली, 'नवी' शोधली, दोन्ही सापडल्या नाहीत आणि स्क्रिप्टबाई गुपचूप पुढे गेल्या. श्रोत्यांनी सहा मिनिटं निव्वळ शांतता ऐकली.

"नावात मोकळी जागा सोडायची नाही, सगळ्यांना माहीत आहे," ताई म्हणाली.

"कुठं लिहिलंय?" जावईबापूंनी विचारलं.

कुठेच नव्हतं. आठ वर्षं ताईने स्क्रिप्टऐवजी माणसांनाच वळण लावलं होतं. तिला स्वतःचाच राग आला.

मग दोघं तीन दिवस शेजारी बसले. नावं तपासणं आणि काही चुकलं तर सगळ्यांना कळवणं पायथनकडे गेलं. फाइली चढवायची वेळ आली तेव्हा जावईबापू खाकरले. "इथं तुमच्या पाच ओळीच राहू द्या ताई. माझ्या पस्तीस होतायत." त्यांच्या तोंडून हे ऐकून मागे उभ्या केंद्रप्रमुख बाईंनी चष्मा काढून पुसला. पुढची चाचणी पार पडली आणि सुट्टी मिळाली.

चार दिवस बहिणीकडे ताईचा फोन वाजला नाही. पाचव्या दिवशी तिनेच जावईबापूंना लावला. "सगळं ठीक ना?"

"एकदम. का हो?"

"काही नाही, सहज." ताईला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही.

"ठेव तो फोन," बहीण म्हणाली आणि रडतं बाळ तिच्या हातात दिलं. "मला दोन तास झोपायचंय. इथं तुझ्यावाचून अडलंय."