बोलायची परवानगी

"सांग त्याले, भात निवून राहिला म्हणा. अन् आंगात काही घाल म्हणा, थंडी हाये."

रत्नाबाई कालवडीच्या पाठीवरून हात फिरवत बोलत होत्या. समोरच ओसरीत त्यांचा मुलगा विनोद बसला होता. तो निमूट उठला, स्वेटर घालून आला आणि जेवायला आत गेला.

पवनीहून परतताना एका सहीसाठी आसगावात आलेल्या कीर्ती हटवार वकील फाटकातच थबकल्या. विनोद जेवून बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "हे काय नाटक?"

"मॅडम, तुमीच तं सांगतलं. ठेवीदारांशी बोलाचं नाही. आईची बी ठेव हाये ना. पोलिसायनं तिचं बयान घेतलं."

ती अट कीर्तीबाईंनीच कोर्टाला सुचवली होती. विनोद गावातल्या पतसंस्थेचा मॅनेजर. पतसंस्था बुडाली, अध्यक्ष फरार झाला आणि विनोद सापडला. जामीन मिळेना, तेव्हा त्यांनी ही अट पुढे केली आणि जामीन पदरात पाडून घेतला. त्या दिवशी त्या स्वतःवर भलत्याच खूश होत्या. आसगावात ठेवीदार नसलेला माणूस शोधावा लागेल, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

भंडाऱ्यात त्यांची सगळी वकिली असल्याच खटल्यांत गेली. बँकांचे मॅनेजर, पतसंस्थांचे संचालक, शेअरचे दलाल. लोक तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे चोरांची वकिलीण. त्यांना त्याचं काही वाटत नसे. आरोपीलाही चांगला वकील मिळाला पाहिजे, असं त्यांना अगदी मनापासून वाटे. नियम एकच होता. 'तू केलंस का' हे पक्षकाराला आपण विचारायचं नाही, आणि दुसऱ्या कुणी विचारलं तर त्याने तोंड उघडायचं नाही.

पण ती कालवड डोळ्यांसमोरून हलेना. आपलीच आपल्याला लाज वाटते, हे त्यांच्या बाबतीत क्वचितच घडे. त्यांनी फी न घेता अर्ज केला, तारखांमागून तारखा घेतल्या, सरकारी वकिलाशी हुज्जत घातली. शेवटी आदेश झाला: खटल्याचा विषय सोडून आरोपीने आईशी बोलायला हरकत नाही.

फोनवर सांगून भागलं असतं. पण मायलेकांना बोलताना बघायचं होतं, म्हणून त्या मुद्दाम आसगावला गेल्या.

"रत्नाबाई, आता बोला पोराशी. खटल्याचं सोडून काहीबी बोला. कोर्टानं परवानगी देल्ली."

रत्नाबाईंनी पदराला हात पुसले आणि त्या विनोदच्या समोर येऊन बसल्या.

"खरं सांग बापू. तुनं घेतले का रे लोकायचे पैसे?"

विनोदने कोर्टात बघायचा तसं कीर्तीबाईंकडे बघितलं. मग आईकडे वळून त्याने तोंड उघडलं.

"नका बोलू!" कीर्तीबाई म्हणाल्या. सवयीने शब्द निघून गेला होता.

विनोदने तोंड मिटलं आणि मान खाली घातली. रत्नाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आत जाऊन त्यांनी ताट वाढून आणलं, त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि अंगणात कालवडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"सांग त्याले," त्या म्हणाल्या, "जेवून घे म्हणा."